तीन हजार विहिरी, अडीच टिपाडं

येडशीच्या फाट्यावर पुण्याच्या एसटीची वाट बघत उभे होतो. पुतण्या कॉलेजला परत निघालेला, मी त्याला पोचवायला. गाडीचा पत्ता नव्हता. पोरानं मोबाइल काढला, कानात बोंडं खुपसली आणि जपानी चाच्यांची कसलीशी कार्टून मालिका लावली. 'वन पीस' तिचं नाव. कार्टून म्हटलं की त्याला राग येतो. "कार्टून नाय काका, ॲनिमे म्हणा." बरं, ॲनिमे. मी सहज विचारलं, "किती भाग हायेत रे ह्याचे?"

"अकराशेच्या वर."

मला वाटलं, एकशे अकरा म्हणाला असेल. पुन्हा विचारलं. अकराशेच!

आता गाडी येईपर्यंत दुसरं काम काय? मोजायला घेतलं. एक भाग साधारण २४ मिनिटांचा. १,१०० गुणिले २४, म्हणजे २६,४०० मिनिटं. म्हणजे ४४० तास. म्हणजे न झोपता, न जेवता, न उठता अठरा दिवस आणि वर आठ तास! धाराशिवहून रात्रीच्या रेल्वेनं मुंबई गाठायला आठेक तास लागतात. रात्री बसा, सकाळी उतरा, पुन्हा बसा, पुन्हा उतरा. अशा पंचावन्न खेपा झाल्या की ही एक मालिका संपते. आणि ती संपलेलीच नाही. २० ऑक्टोबर १९९९ ला सुरू झाली, अजून चालू आहे. माझा पुतण्या तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

मग डोक्यात दुसरं चक्र फिरायला लागलं. हे सगळं तो येडशीच्या फाट्यावर, झाडाखाली उभा राहून बघतोय. हे कधीपासून शक्य झालं?

सरकारी आकडा सांगतो. २०१४ साली भारतातला एक मोबाइल ग्राहक महिन्याला सरासरी ६२ एमबी डेटा वापरत होता. चांगल्या प्रतीचं चित्र दिसायचं तर तासाला तीन जीबी लागतात, म्हणजे मिनिटाला पन्नास एमबी. करा भागाकार. २०१४ च्या माणसानं अख्ख्या महिन्याचा डेटा एका बैठकीत उधळला असता, तरी त्याला किती वेळ ॲनिमे दिसलं असतं? सव्वा मिनिट! ॲनिमेचं शीर्षकगीतच दीड मिनिटाचं असतं. म्हणजे महिनाभर पोटाला चिमटा काढून गाणंसुद्धा पुरं झालं नसतं.

आज तोच सरासरी माणूस महिन्याला वीस जीबीच्या वर ओढतो. सव्वातीनशे पट! तेव्हा एक जीबी २६९ रुपयांना पडायचा, म्हणजे एका भागाला सव्वातीनशे रुपये. आता जीबी नऊ-दहा रुपयांवर आला. भाग पडतो अकरा-बारा रुपयांना. फाट्यावरच्या टपरीत कटिंग चहा मिळतो तेवढ्यात.

वाट रुंदावली की काय होतं, हे येडशीला वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या गावावरून बार्शी लाइट धावायची. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, अडीच फूट. चालत्या गाडीतून उतरून लघवी करून परत चढता येतं, असं म्हातारे सांगायचे. २००७-०८ च्या सुमारास लातूर-कुर्डुवाडी रूळ रुंद झाले, १,६७६ मिलिमीटर. नुसती सव्वादोन पट रुंदी, पण तेवढ्यात मुंबई दारात आली. इथं तर वाट सव्वातीनशे पट रुंदावली!

आमच्या लहानपणी ॲनिमे हा शब्दही ठाऊक नव्हता, पण बघत होतो. मोगली! रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचा तो 'जंगल बुक' जपानी होता, निप्पॉन ॲनिमेशनचा, १९८९ चा. हिंदीत शेरखानाला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. सगळे मिळून ५२ भाग. आठवड्याला एक, म्हणजे वर्षाला एक मालिका, तीही वीज असली तर. गल्लीत टीव्ही एक आणि समोर बसलेली पोरं पन्नास. आता पोर एक आणि समोर हजारो मालिका.

एसटी आली. खिडकीची जागा मिळाली. आपणही बसू आणि मोठे आकडे काढू.

नेटफ्लिक्स या स्ट्रीमिंग कंपनीनं २०२५ साली जाहीर केलं की त्यांच्या जगभरातल्या निम्म्याहून जास्त ग्राहकांच्या घरी ॲनिमे बघितलं जातं. पंधरा कोटी घरं! माणसं धरली तर अंदाजे तीस कोटी. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता, धाराशिव जिल्हा साडेसोळा लाखांचा. तीस कोटी म्हणजे एकशे ऐंशी धाराशिव जिल्हे. एकावर एक नाही, एकापुढे एक मांडा. भूम, परंडा, तुळजापूर, उमरगा, सगळ्यांसकट एकशे ऐंशी वेळा. आणि हे फक्त एका कंपनीचे प्रेक्षक.

२०२४ या एका वर्षात त्यांच्याकडे ॲनिमे बघितलं गेलं शंभर कोटींहून जास्त वेळा. एक वेळ म्हणजे कमीत कमी एक भाग, असं आपण कंजूषपणानं धरू. शंभर कोटी गुणिले २४ मिनिटं. चाळीस कोटी तास. वर्षं करा. पंचेचाळीस हजार सहाशे वर्षं! आमच्या शेजारी तेर आहे, जुनं तगर, सातवाहनांच्या काळी तिथला माल समुद्रापार रोमला जायचा. त्या तेरला आपण प्राचीन म्हणतो आणि ते आहे दोन हजार वर्षांचं. अशी बावीस-तेवीस तेर एकामागे एक जोडा, तेवढा काळ माणसांनी एका वर्षात पडद्यापुढे घालवला.

पैसा? जरा घट्ट धरून बसा.

जपानच्या ॲनिमेशन संघटनेच्या हिशोबात २०२४ ची ॲनिमेची बाजारपेठ ३ लाख ८४ हजार कोटी येनची आहे. चित्रपट, प्रसारण, खेळणी, गाणी, सगळं धरून. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा जपानबाहेरून येतो, आणि त्यामागे मोठा हात या स्ट्रीमिंगचा. येनला पंचावन्न पैसे धरले तर दोन लाख अकरा हजार कोटी रुपये. महाराष्ट्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. त्याचे तीन दशांश! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा होता, आणि त्यासाठी कर्ज दिलं जपाननंच. म्हणजे जपानी माणूस चित्रं काढून वर्षाला जवळजवळ दोन बुलेट ट्रेन कमावतो.

कोटी हा शब्द कानाला आता लागत नाही. त्याची नाणी करू. एकेक रुपयाची. आपल्याकडची वीस फूट व्यासाची, पन्नास फूट खोल विहीर घ्या. तिच्यात पाण्याऐवजी रुपये ओतायला लागलो तर काठोकाठ भरायला साधारण सत्तर कोटी नाणी लागतील. भरली एक. आता पुढची. मग पुढची. दोन लाख अकरा हजार कोटी रुपये संपवायला किती विहिरी लागतील?

तीन हजार!

तीन हजार विहिरी, सगळ्या तुडुंब, सगळ्या खणखणणाऱ्या. (उजनी धरणात ओतले तर मात्र काही कळायचं नाही. ११७ टीएमसीच्या त्या पोटात हे सगळे रुपये मिळून साधारण पंचवीसशेवा भाग. उजनी ती उजनी.)

बार्शी मागे पडली. पोरगा अजून तीच मालिका बघतोय. आणि मला मूळ प्रश्न पडला, जो खरं तर त्याच्यामुळेच पडला. तो म्हणाला होता, "काका, नव्या सीरीजचं ॲनिमेशन कधी लई भारी असतंय, कधी एकदम गंडतंय. एकाच सीझनमदी." इतका पैसा, इतकं गिऱ्हाईक, इतकी रुंद वाट. मग माल एकसारखा चांगला का येत नाही?

त्यासाठी विहिरीकडून कागदाकडे यावं लागतं.

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. २२ मिनिटांच्या भागात ३१,६८० चौकटी. इतकी चित्रं काढायची कुणाची ताकद? जपान्यांनी युक्ती केली. एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी दाखवायचं, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठ. कुणी नुसतं बोलत असेल तर फक्त ओठ हलवायचे. ही काटकसर स्ट्रीमिंगनं आणलेली नाही. १ जानेवारी १९६३ ला ओसामू तेझुकांचा 'ॲस्ट्रो बॉय' सुरू झाला तो अशाच काटकसरीवर आणि पडत्या भावावर, आणि तोच भाव पुढच्या सगळ्यांच्या गळ्यात पडला. अशी सगळी काटकसर करूनही दूरचित्रवाणीच्या एका भागाला तीन ते चार हजार चित्रं लागतात. साडेतीन हजार धरू.

जपानात २०२३ साली तीनशेच्या घरात मालिका प्रसारित झाल्या. एकेकीचे बाराच भाग धरले तरी ३,६०० भाग. ते सलग लावले तर पंचावन्न दिवस टीव्ही बंद होणार नाही. एका भागाला साडेतीन हजार चित्रं, म्हणजे वर्षाला एक कोटी सव्वीस लाख चित्रं! हाताने! आता बरंच काम टॅबलेटवर होतं, पण आपल्या हिशोबापुरता फूटभर लांबीचा कागद धरा आणि टोकाला टोक लावत चला. मुंबईहून पुण्याला आलात. परत गेलात. परत आलात. अशा पंचवीस खेपा झाल्या तरी कागद उरतो. नाहीतर हिमसागर एक्सप्रेसच्या रुळांवर अंथरा, वैष्णोदेवीच्या कटऱ्यापासून थेट कन्याकुमारी. पावणेचार हजार किलोमीटर. आणि पुढच्या वर्षी पुन्हा कटऱ्यापासून सुरुवात.

आणि एक चित्र काढायला किती वेळ? मुख्य चित्रकार हालचालीच्या दोन टोकांची चित्रं काढतो. तलवार वर, तलवार खाली. मधली सगळी चित्रं भरणारा वेगळा. त्याला चित्रामागे साधारण दोनशे येन मिळतात. एकशे दहा रुपये. महिन्याला पाचशे चित्रं काढणारा हात कसलेला समजायचा. जपानी ॲनिमेशन कामगारांच्या एका संघटनेनं केलेल्या पाहणीत महिन्याचे सरासरी कामाचे तास निघाले २१९. पाचशेनं भागा. एका चित्राला सव्वीस मिनिटं.

तलवारीचा एक सपकारा, पूर्ण सफाईनं, सेकंदाला बारा चित्रं. बारा गुणिले सव्वीस. पाच तास बारा मिनिटं!

एक सेकंद. पाच तास. येडशीहून पुण्याला एसटीला लागतात पाच-सहा तास. म्हणजे आम्ही फाट्यावर गाडीत बसलो तेव्हा टोकियोत कुणी पोरगा पेन्सिल टेकवून बसला असेल, तर आम्ही स्वारगेटला उतरू तेव्हा त्याचा एक सेकंद पुरा होईल. मी खिडकीबाहेर बघितलं. कुर्डुवाडी आली होती. सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा झाला होता.

हा हिशोब पटत नसेल तर स्टुडिओ जिबलीचा ऐका. हायाओ मियाझाकींचा चित्रपट 'द बॉय अँड द हेरॉन' २०२३ ला आला, २०२४ ला ऑस्कर घेऊन गेला. तो चालू असताना त्यांचे निर्माते तोशिओ सुझुकी यांनी सांगितलं होतं की साठ चित्रकार बसलेत आणि महिन्याला एक मिनिट तयार होतं. साठ माणसं, एक महिना, एक मिनिट! म्हणजे एका मिनिटाला पाच मनुष्यवर्षं. चित्रपट दोन तास चार मिनिटांचा. त्या गतीनं ६२० मनुष्यवर्षं. एकाच माणसाला काढायला बसवलं असतं, तर त्याला शिवरायांच्या राज्याभिषेकाच्याही अडीचशेहून जास्त वर्षं आधी पेन्सिल हातात घ्यावी लागली असती.

आणि ज्याच्या पायाशी आम्ही राहतो तो रामलिंग या गोष्टीत येतोच. येडशीजवळच्या घाटात, बावीस चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात, पायऱ्या उतरून खाली गेलं की रामलिंगाचं देऊळ. वानरं प्रसादाची पिशवी हिसकावतात, पावसाळ्यात धबधबा कोसळतो. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूनं इथंच अडवलं, आणि तहानलेल्या जटायूसाठी रामानं बाण मारून पाणी काढलं, असं आमच्याकडे सांगतात. जटायूची समाधीही दाखवतात. तर या जटायूचं ॲनिमे निघालेलं आहे! 'रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा'. युगो साको नावाचा जपानी माणूस १९८३ साली माहितीपटाच्या कामानं भारतात आला, रामायणानं झपाटला, जपानीतली दहा रामायणं वाचून काढली आणि मुंबईच्या राम मोहन यांना सोबत घेऊन चित्रपट केला. हिंदीत रामाचा आवाज अरुण गोविल, रावणाचा अमरीश पुरी. साडेचारशे कलावंत, हाताने रंगवलेली जवळजवळ एक लाख सेल. सेल म्हणजे पारदर्शक ताव, एकेका चित्राचा एकेक. १३५ मिनिटांत एक लाख, म्हणजे मिनिटाला सातशे चाळीस. दूरचित्रवाणीच्या भागात मिनिटाला एकशे साठ. साडेचार पटीहून जास्त फरक! अयोध्येच्या वादानं तापलेल्या १९९३ च्या दिवसांत तो आपल्या चित्रगृहांत नीट लागलाच नाही. लागला थेट २४ जानेवारी २०२५ ला, नव्यानं साफसूफ करून. बत्तीस वर्षांनी पोरांनी तिकिटं काढली. स्ट्रीमिंगनं ॲनिमेची चटक लावलेलीच ही पोरं.

तर आता सांगतो, स्ट्रीमिंगनं काय केलं.

मालिकांची संख्या वाढवली असं म्हणतात, ते खरं नाही. २००६ सालीच, डीव्हीडीच्या जमान्यात, वर्षाला पावणेतीनशेच्या पुढे मालिका येत होत्या. २०१६ ला साडेतीनशेच्या वर गेल्या. गाडा आधीच ओव्हरलोड होता. स्ट्रीमिंगनं वाढवली ती चित्राकडून अपेक्षा. जुन्या टीव्हीच्या चौकटीत ठिपके होते तीन लाख. फोर-के चौकटीत त्र्याऐंशी लाख. सत्तावीस पट! एक गुंठा खुरपणाऱ्याला सांगितलं की उद्यापासून सत्तावीस गुंठे, दिवस तेवढाच. मोठ्या पडद्यावर रेघ हलली की दिसते. पोरं चित्र थांबवून, मोठं करून, हात वाकडा आलाय म्हणून जगभर मिरवतात. दूरदर्शनवरचा मोगली कुणी थांबवला होता? थांबवायचं बटणच नव्हतं.

शेंडा उंच गेला, हे मात्र कबूलच करायला हवं. २०१८ चं 'डेव्हिलमॅन क्रायबेबी', मासाआकी युआसांचं, दहा भाग एका दमात सोडलं. दूरचित्रवाणीवर ते तसं निघालंच नसतं. २०२२ चं 'सायबरपंक: एजरनर्स', ट्रिगर स्टुडिओचं. २०२३ चं 'प्लूटो', आठ भाग, एकेक जवळजवळ तासाचा. जाहिरातीच्या अडथळ्यात बसवायचं नाही, लांबी हवी तेवढी, पैसा आधी. असं काम बघितलं की डोळे निवतात. स्ट्रीमिंग नसतं तर यातलं बरंच कागदावर राहिलं असतं, हे माझं ठाम मत.

पण शेंड्याखाली बघा. जानेवारी २०२३ मध्ये 'निअर: ऑटोमाटा' तीन भागांनंतर थांबली. त्याच वर्षी 'झॉम १००'चे शेवटचे तीन भाग सप्टेंबरऐवजी डिसेंबर संपताना आले. 'जुजुत्सु कायसेन'च्या दुसऱ्या पर्वाचे चित्रकार २०२३ मध्ये वेळापत्रकाला कंटाळून उघड बोलले, आणि पडद्यावर तीच मालिका जग डोक्यावर घेत होतं. 'उझुमाकी' २०१९ ला जाहीर झाली, २०२४ ला आली. चारच भाग. पहिला बघून लोक थक्क झाले, दुसरा बघून वेगळ्या अर्थानं थक्क झाले. पाच वर्षं आणि चार भाग, तरी दुसऱ्याच भागात दम गेला!

आणि उडवण्याची गती? 'एजरनर्स'चे दहा भाग म्हणजे चार तासांच्या आसपास. भिगवणच्या पुढे जाईपर्यंत फडशा. माणसांनी कित्येक महिने रात्रीचा दिवस केलेला माल पोरगं एका एसटीच्या प्रवासात संपवतं आणि विचारतं, पुढचं कधी? शीर्षकगीत तर बघतही नाही. ही दीड मिनिटांची गाणी म्हणजे मालिकेतली सर्वांत देखणी चित्रं. त्यावर ते 'स्किप इंट्रो'चं बटण. नेटफ्लिक्सनं २०२२ साली सांगितलेला आकडा ऐका. त्यांच्या सगळ्या मालिका मिळून हे बटण दिवसाला १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं. दिवसाला! त्यात लोकांचा वाचलेला वेळ १९५ वर्षं. तोही दिवसाला! आज दाबलेल्या बटणांतून वाचलेली वर्षं मागे मोजत गेलं तर बोरीबंदरची पहिली रेल्वेही अजून सुटलेली नसते. उद्या पुन्हा तेवढीच. परवा पुन्हा तेवढीच.

मग ते तीन हजार विहिरींचं पाणी जातं कुठं?

हे आमच्या भागातल्या माणसाला एका वाक्यात कळतं. साखर कारखाना साखर विकतो, मळी विकतो, इथेनॉल विकतो, वीज विकतो. ऊस तोडणाऱ्याला मिळतो टनाचा भाव. ॲनिमेत प्रकाशक, वाहिनी, खेळणीवाला, गाणीवाला असे सगळे मिळून निर्मिती समिती करतात, हक्क समितीचे. स्टुडिओ बहुतेक वेळा ठेकेदार. स्ट्रीमिंग कंपनी थेट स्टुडिओला पैसे देते तेव्हाही रक्कम ठरलेली, मग जगानं एकदा बघो की शंभर कोटी वेळा. एकूण बाजारातला स्टुडिओंच्या हाती येतो साधारण आठवा भाग. तीन हजार विहिरींतल्या पावणेचारशे. त्यातून भाडं, यंत्रं, पगार, आणि कोरिया, चीन, व्हिएतनामला धाडलेल्या कामाचे पैसे. आणि मग सगळ्यात शेवटी तो चित्रामागे दोनशे येनवाला.

संयुक्त राष्ट्रांच्या एका गटाने २०२४ मध्ये जपानवर अहवाल दिला. त्यात नव्या चित्रकाराची वार्षिक कमाई किती खाली जाते त्याचा आकडा आहे. पंधरा लाख येन. सव्वाआठ लाख रुपये. येडशीत कुणी म्हणेल, वाईट काय? पण टोकियोत एका खोलीचं भाडं महिन्याला पन्नास-साठ हजार येन. निम्मी कमाई छपराला. रामेनचा वाडगा हजार येनचा. म्हणजे पाच चित्रं, म्हणजे दोन तास दहा मिनिटं मान मोडून काम, तेव्हा एक वाडगा शेवया. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सनं एका स्टुडिओबरोबर शिकाऊ पोरांसाठी वर्ग काढला, तेव्हा शिकताना महिन्याला दीड लाख येन भत्ता दिला. वर्षाच्या दरानं अठरा लाख. शिकायला अठरा, कामाला लागल्यावर पंधरा!

आणि आता तीच नाणी घ्या. विहिरीत ओतली होती तीच, एकेक रुपयाची. सव्वाआठ लाख नाणी. विहीर सोडा, हौदही नको. गोठ्याबाहेर पाण्यासाठी ठेवलेलं दोनशे लिटरचं टिपाड आणा. एक भरलं. दुसरं भरलं. तिसरं अर्ध्यावर आलं आणि नाणी संपली. एका बाजूला तीन हजार विहिरी, दुसऱ्या बाजूला वर्षाची अडीच टिपाडं. वाट सव्वातीनशे पट रुंद, ठिपके सत्तावीस पट, आणि हात तोच, चित्राला सव्वीस मिनिटं तीच! पैशानं विहिरी वाढवता येतात, सव्वीस मिनिटांची तेरा करता येत नाहीत. एका मालिकेला चांगले हात दिले की ते दुसरीतून उचललेले असतात. म्हणून एकाच हंगामात एक मालिका आभाळाला टेकते आणि दुसरी तिसऱ्या भागात बसकण मारते. पोरगा म्हणत होता ते हेच.

यावर इलाज काय, तोही त्याच्याच मोबाइलवर निघाला. अकराशे भागांचा तो 'वन पीस', बारमाही पिकासारखा दर आठवड्याला येणारा, त्याच्या कर्त्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त सव्वीस भाग. निम्मं वर्ष रान पडीक. सव्वीस वर्षांनी!

टेंभुर्णी गेली, इंदापूर गेलं, उजनीचं पाणी डावी-उजवीकडे चकाकत राहिलं. नवा भाग सुरू झाला. पोराचा अंगठा सवयीनं त्या बटणाकडे गेला.

"राहू दे रं," म्हटलं, "गाणं बघू दे."

"दीड मिन्ट हाय काका."

"माहीत हाय."

बघितलं. मग भागही बघितला, एक बोंड त्याच्या कानात, एक माझ्या. शेवटी नावं वर सरकायला लागली. जपानीतली, मला एकही वाचता येईना. पोरगा म्हणाला, मधली चित्रं काढणाऱ्यांची नावं पार खाली असतात. मी मोजायला घेतली. बारापर्यंत आलो, तेवढ्यात पुढचा भाग आपोआप सुरू झाला.